‘जबाबदारी’ या क्रियेचा कर्ता : प्रधान समितीचा अहवाल आणि पोलीसप्रमुखाचे उत्तरदायित्व

१

चौकशी-समितीचा अहवाल हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, याविषयी मतभेद संभवतो. परंतु तो भाषेचा एक विशिष्ट व्यवहार आहे आणि म्हणून भाषाभ्यासकाच्या परीक्षणाचा विषय आहे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. आपल्या विद्यापीठीय विभागांतून बखरींचे परीक्षण आजवर पुष्कळ झाले आहे. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’ या शब्दातील वर्णविपर्ययाने सिद्ध झाला, असे मत सर्वपरिचित आहे. रघुनाथ यादवाची पाणिपतची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली, म्हणजे एका मोठ्या अपयशानंतर ‘काय झाले’ हे सत्तास्थानी असलेल्या व्यक्तीस निवेदन करणे हा तिचा हेतू होता. या दृष्टीने पाहता आजचा चौकशी-अहवाल हा बखरीचाच दूरचा वारस ठरतो. बखरकार पराभवाचे अखेरचे कारण बहुधा दैवात किंवा ईश्वरी इच्छेत शोधीत असे. अहवालकार ते ‘यंत्रणे’त शोधतो. दोहोंच्या विचारसरणीत शतकांचे अंतर आहे. वाक्यरचनेत मात्र तितके अंतर आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अहवालापुरता करावयाचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गाने आलेल्या दहा सशस्त्र इसमांनी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, लिओपोल्ड कॅफे, ताज व ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले आणि नरिमन हाऊस या ठिकाणी हल्ले केले. २९ तारखेच्या सकाळी ताजमधील चकमक संपेपर्यंत १६६ माणसे मृत्युमुखी पडली. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत एकाच वाहनात मारले गेले. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून एका हल्लेखोरास जिवंत पकडून दिले. या घटनेनंतर राज्य शासनाने ३० डिसेंबर २००८ रोजी माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयातील माजी विशेष सचिव वप्पाला बालचंद्रन यांची द्विसदस्य उच्चस्तरीय समिती नेमली. तिने एप्रिल २००९ मध्ये अहवाल सादर केला. तो तात्काळ जनतेसमोर आला नाही. डिसेंबर २००९ मध्ये, प्रथम वृत्तपत्रांतून व मग विधिमंडळातून, तो लोकांस कळला.

घटनेच्या वेळी मुंबईचे पोलीस आयुक्त हसन गफूर हे होते. त्या पदावर त्यांस वर्षही पूर्ण झाले नव्हते. जून २००९ मध्ये त्यांस त्या पदावरून हलवून महासंचालक दर्जाचे दुसरे पद देण्यात आले व त्यांच्या जागी डी. शिवानंदन आले. गफूर २०१२ मध्ये निवर्तले. त्यांच्या वैयक्तिक गुणदोषांची चिकित्सा हा या लेखाचा हेतू नाही. इतक्या मोठ्या अपयशानंतर पोलीसप्रमुखाकडून समाजाने काय मागावे, आणि आपल्या अहवालांची भाषा ते मागण्यास समर्थ आहे काय, एवढाच येथील प्रश्न आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘जबाबदारी’ हा शब्द मूळ अरबी ‘जवाब’ आणि फारसी ‘दार’ यांच्या संयोगातून आलेला आहे. ज्याच्याकडे जबाब आहे तो जबाबदार. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ कर्तव्य हा नसून उत्तर हा आहे. मराठीत पुढे त्याच्या अर्थात विस्तार झाला. ‘त्याच्यावर मोठी जबाबदारी आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा कार्यभार हा अर्थ असतो. ‘तो याला जबाबदार आहे’ असे म्हणतो तेव्हा दोष हा अर्थ असतो. उत्तर देण्याचा मूळ अर्थ या दोहोंच्या मध्ये दबून गेला. तो ‘जाब विचारणे’ या वाक्प्रचारात व ‘जाबसाल’ या जुन्या दफ्तरी शब्दात मात्र अद्याप जिवंत आहे.

हा अर्थलोप निरुपद्रवी नाही. कार्यभार आणि दोष या दोन अर्थांमध्ये उत्तराची पायरी असते. ज्याच्यावर भार होता त्याने प्रथम ‘काय झाले व मी काय केले’ हे सांगावयाचे असते. मग ऐकणाऱ्याने दोष आहे की नाही हे ठरवावयाचे असते. मधली पायरी गळून पडली की, भार होता म्हणजेच दोष आहे असे एक पक्ष म्हणतो, आणि दोष सिद्ध नाही म्हणजे उत्तरही देणे लागत नाही असे दुसरा पक्ष म्हणतो. मोठ्या दुर्घटनेनंतर आपल्याकडे होणाऱ्या सार्वजनिक वादाचे स्वरूप बहुतेक वेळा असेच असते. ‘उत्तरदायित्व’ हा संस्कृत घडणीचा शब्द प्रशासकीय मराठीत आणला गेला तो बहुधा ही उणीव भरून काढण्यासाठी. परंतु तो भाषणाच्या व्यासपीठावर राहिला, चावडीवर उतरला नाही.

पोलीस ठाण्याच्या मराठीत ‘जबाब’ या शब्दास आणखी एक नियत अर्थ आहे. नागरिकाने पोलिसांसमोर दिलेले निवेदन म्हणजे जबाब. आष्टी असो की मुंबई, ठाण्यात ‘जबाब’ लिहून घेणारा पोलीस असतो व देणारा रयतेपैकी असतो. या क्रियेची दिशा रूढीने ठरून गेली आहे. ती उलट फिरवून पोलिसाचा जबाब नागरिकाने घ्यावा, अशी कल्पना भाषेस जवळजवळ अपरिचित आहे. त्यामुळे पोलीसप्रमुखाकडून उत्तर मागणे हे आपल्याला चौकशी न वाटता अवमान वाटतो.

पदनामांचेही असेच आहे. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या अमलात पोलीस खात्यास ‘कोतवाली’, जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखास ‘मोहतमीम’ व ठाण्याच्या अधिकाऱ्यास ‘अमीन’ म्हणत. ‘मोहतमीम’ म्हणजे काळजी वाहणारा, व्यवस्था पाहणारा. ‘अमीन’ म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला आहे असा. राज्यनिर्मितीनंतर भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाने ‘अधीक्षक’, ‘आयुक्त’ ही नावे स्थिर केली. ‘अधीक्षक’ म्हणजे वरून पाहणारा आणि ‘आयुक्त’ म्हणजे नेमलेला. विश्वास व काळजी यांचा उल्लेख जाऊन दृष्टी व नेमणूक यांचा उल्लेख आला. नावे बदलल्याने माणसे बदलतात असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘नेमलेला’ या शब्दात नेमणाऱ्याचीही अपेक्षा असते, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३

आता वाक्याकडे वळू. मराठीतील प्रयोगविचार मो. के. दामले यांच्या व्याकरणापासून आपल्या परिचयाचा आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर कर्त्यास ‘ने’ हा प्रत्यय लागतो : ‘अधिकाऱ्याने चूक केली’. येथे कर्ता तृतीयेत असला तरी वाक्यात त्याची जागा राखीव असते. तो गाळला तर ‘कोणी?’ हा प्रश्न उरतो. परंतु हीच गोष्ट ‘चूक झाली’ असे म्हणून सांगता येते. ‘होणे’ हे क्रियापद अकर्मक. त्याचा कर्ता स्वतः चूकच होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असते व कोणताही प्रश्न उरत नाही. ‘राहून गेले’, ‘लक्षात आले नाही’, ‘उशीर झाला’ हे सर्व प्रयोग याच कुळातले. त्यांपुढची पायरी म्हणजे क्रियापदही काढून टाकून भाववाचक नाम ठेवणे : ‘समन्वयाचा अभाव’, ‘नेतृत्वातील उणीव’, ‘प्रतिसादातील विलंब’. या रचनेत कर्ता नाही, काळ नाही आणि आख्यातही नाही. ज्या वाक्यात काळ नाही त्याचे खंडन करता येत नाही, आणि ज्याचे खंडन करता येत नाही ते सिद्ध झाले असेही म्हणता येत नाही.

प्रधान समितीचा अहवाल मूळ इंग्रजीत आहे. त्यास मराठी प्रयोगविचार लावणे अप्रस्तुत होईल, असा आक्षेप येथे येऊ शकतो. परंतु कर्तृलोपाची सोय दोन्ही भाषांत आहे, आणि महाराष्ट्रात या अहवालाची जी चर्चा झाली ती मराठीतूनच झाली. म्हणून तपासावयाचे ते एवढेच की अहवालाच्या कोणत्या भागात कर्ता आहे व कोणत्या भागातून तो नाहीसा होतो.

या दृष्टीने वाचता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. तपशिलाच्या भागात समितीने कर्त्यांचा उल्लेख टाळलेला नाही. आपत्प्रसंगी कोणी कोठे असावे याविषयी पूर्वीच ठरलेली कार्यपद्धती होती. नियंत्रण कक्षात कायदा व सुव्यवस्थेचे सहआयुक्त असावेत अशी तीत योजना होती. प्रत्यक्षात आयुक्तांच्या सांगण्यावरून तेथे गुन्हे शाखेचे सहआयुक्त राकेश मारिया यांनी सूत्रे सांभाळली. स्वतः आयुक्त बराच काळ ट्रायडंट हॉटेलच्या परिसरात राहिले आणि संपूर्ण शहराच्या कारवाईचे नेतृत्व त्यांनी उघड व दृश्य रीतीने केल्याचे दिसले नाही, असा समितीचा अभिप्राय आहे. येथे पद आहे, स्थान आहे, वेळ आहे. वाक्ये खंडनीय आहेत, आणि म्हणूनच ती मूल्यवान आहेत.

निष्कर्षाच्या भागात मात्र भाषा पालटते. कोणाही एका अधिकाऱ्याच्या वर्तनात गंभीर कसूर आढळली नाही, असे समिती प्रथम म्हणते. लगेच पुढे धोक्याच्या जाणत्या आकलनाचा अभाव, गुप्तवार्तांच्या हाताळणीतील उणीव, तात्काळ प्रतिसादातील कमतरता आणि काही प्रसंगी दृश्य नेतृत्वाचा अभाव आढळला, असे ती नोंदवते. ही दोन विधाने शेजारीशेजारी ठेवून वाचली म्हणजे प्रश्न उभा राहतो. आकलन कोणी करावयाचे होते? वार्ता कोणी हाताळावयाच्या होत्या? नेतृत्वाचा अभाव असतो तेव्हा तो कोणा एकाच्या ठिकाणी असतो, की हवेत असतो? कसूर आहे परंतु कसूरदार नाही, अशी स्थिती व्याकरणात शक्य आहे. प्रशासनात ती शक्य आहे काय?

समितीवर येथे अप्रामाणिकपणाचा आरोप करावयाचा नाही. दोन्ही सदस्य अनुभवी व निःस्पृह होते, आणि आयुक्तांविषयीचा प्रतिकूल अभिप्राय त्यांनी लपवलेला नाही. अडचण समितीच्या घडणीत होती. ती १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेली नव्हती. शासन निर्णयाने नेमलेली होती. साक्षीदारास समन्स काढणे, शपथेवर जबाब घेणे, उलटतपासणी होऊ देणे, यांपैकी काहीच तिच्या हाती नव्हते. केंद्रीय गुप्तवार्ता संस्थांचे काम तिच्या कक्षेबाहेर होते. ज्याला उलटतपासणीची संधी मिळालेली नाही अशा माणसावर नाव घेऊन ठपका ठेवणे न्यायाचे नव्हे, हे समिती जाणून असणार. तेव्हा तिने जे पाहिले ते तपशिलात लिहिले व जे म्हणता येत नव्हते ते भाववाचक नामांत ठेवले. चौकशीचे स्वरूपच निष्कर्षाच्या वाक्याचे स्वरूप ठरवते.

याउलट १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने उघड सुनावणी घेतली, साक्षी-उलटतपासण्या झाल्या आणि १९९८ च्या अहवालात पोलीस अधिकाऱ्यांचा नावनिशीवार उल्लेख आला. त्यातून शिक्षा फारशा निष्पन्न झाल्या नाहीत, हे खरे. परंतु तो दोष वाक्याचा नव्हे. त्या अहवालातील वाक्यांना कर्ते होते, म्हणून न्यायालयात त्यांची परीक्षा होऊ शकली व काहींची त्यातून मुक्तताही होऊ शकली. निर्दोष सुटण्यासाठीही प्रथम वाक्यात नाव यावे लागते.

४

पोलीसप्रमुखाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आता निःपक्षपातीपणे मांडले पाहिजे. पहिला मुद्दा असा की दोष येथे कृतीचा नसून अकृतीचा आहे. केलेल्या कृत्यास कर्ता असतो. न केलेल्या कृत्यास कोण कर्ता? ‘त्या रात्री पुरेशी कुमक पोचली नाही’ या वाक्याचे कर्ते शोधू गेल्यास ती न पाठवणारे सर्वच जण कर्ते ठरतील. दुसरा मुद्दा असा की सरावासाठी पुरेसा दारूगोळा नव्हता, शस्त्रे जुनी होती आणि किनाऱ्यावरील गस्त अपुरी होती. या गोष्टी त्या रात्रीच्या आयुक्तांनी निर्माण केलेल्या नव्हत्या. समितीनेही दारूगोळ्याच्या व गोळीबाराच्या सरावाच्या दुरवस्थेवर लिहिले आहे. तिसरा मुद्दा असा की राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान २७ तारखेच्या सकाळी मुंबईत पोचले, तोवर लष्करी शिक्षण घेतलेल्या हल्लेखोरांशी नागरी पोलिसांस झुंजावे लागले. अशा प्रसंगी दुसरा कोणीही आयुक्त असता तरी निकाल फार वेगळा झाला असता, असे खात्रीने म्हणता येत नाही.

दुसरा व तिसरा मुद्दा बलवान आहेत, आणि ते मान्य केल्याने आपल्या प्रश्नास बाध येत नाही. कारण परिणाम टाळता आला असता काय हा एक प्रश्न आणि आपल्या पदाचे काम केले काय हा दुसरा. पहिला मुद्दा मात्र भाषेचा आहे, म्हणून त्यास भाषेतूनच उत्तर दिले पाहिजे. अकृतीस कर्ता नसतो, हे साधारण माणसाविषयी खरे आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या शेकडो लोकांनी आग विझवली नाही, म्हणून त्यांस कोणी दोष देत नाही. अग्निशामक दलाच्या प्रमुखास देतो. त्याचे कारण असे की पद म्हणजेच न केलेल्या कृत्याचा आगाऊ ठरवून ठेवलेला कर्ता होय. कार्यपद्धतीचा लेख ‘अमुक अधिकारी अमुक करील’ अशा भविष्यकाळी वाक्यांचा बनलेला असतो. अपयशानंतरच्या अहवालाचे काम एवढेच, की या भविष्यकाळी वाक्यांपुढे भूतकाळी वाक्ये मांडावी : ‘केले’, ‘केले नाही’, ‘केले परंतु अन्य रीतीने, व त्याचे कारण असे’. प्रधान समितीपाशी पहिल्या रकान्यातील वाक्ये तयार होती. त्यांपैकी नियंत्रण कक्षाचे वाक्य तिने तपासलेही. निष्कर्षात तोच क्रम राखला असता, तर आयुक्तांवर अन्याय न होता उत्तर मिळाले असते. कदाचित त्या उत्तरात आयुक्तांचे समर्थनही निघाले असते. गुन्हे शाखेच्या अनुभवी अधिकाऱ्यास नियंत्रण कक्षात बसवण्याचा निर्णय योग्य होता असेही कोणी सिद्ध करू शकला असता. परंतु तो निर्णय होता, म्हणजे त्यास कर्ता होता, हे प्रथम मान्य करावे लागले असते.

ज्यांस हे उत्तर हवे होते ते कोण, हेही विसरता कामा नये. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी आपल्या पतीस त्या रात्री कोठे बोलावले गेले व जखमी अवस्थेत असलेल्यांना मदत पोचण्यास वेळ का लागला, हे जाणून घेण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मागवल्या. त्यांतून त्यांनी विनिता देशमुख यांच्या साहाय्याने २००९ मध्ये पुस्तक सिद्ध केले. त्यांच्या निष्कर्षांशी संबंधित अधिकाऱ्यांनी मतभेद नोंदवला आहे, व त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. महत्त्वाचे हे की शासनाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतरही एका मृत अधिकाऱ्याच्या कुटुंबास वेळ, स्थान व बोलणारा यांची नोंद असलेला दस्तऐवज स्वतः मिळवावा लागला. बिनतारी संदेशाच्या नोंदवहीत भाववाचक नामांस जागा नसते; तेथे प्रत्येक वाक्यास वेळ व बोलणारा असतो. त्या कुटुंबास अहवालापेक्षा नोंदवही अधिक विश्वासार्ह वाटली, यातच अहवालाची समीक्षा आली.

५

उत्तरदायित्वाची कल्पना आपण पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली आहे, असा समज पसरलेला आढळतो. तो निराधार आहे. चोरीस गेलेला माल राजाने शोधून द्यावा, न सापडल्यास आपल्या कोशातून भरून द्यावा, हे धर्मशास्त्रकारांचे मत प्रसिद्ध आहे. ‘ऐने अकबरी’त कोतवालाची कर्तव्ये सांगताना, चोर व चोरीचा माल यांचा त्याने शोध लावावा, नाहीतर नुकसानीस त्याने जबाबदार राहावे, असे म्हटले आहे. दख्खनच्या गावगाड्यात तर हीच कल्पना अतिशय सुस्पष्ट रूपात होती. गावात चोरी झाली तर जागल्याने किंवा रामोशाने चोराचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील माणसांस दाखवून दिला, म्हणजे दायित्व त्या गावाकडे जाई. दाखवता आला नाही तर भरपाई आपल्या गावावर. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालातही या पद्धतीचे वर्णन आहे.

या पद्धतीतील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. दायित्व एका हातून दुसऱ्या हाती जाऊ शकते. परंतु ते शिवेवर, समक्ष व ओळखता येईल अशा खुणेसह द्यावे लागते. नुसते ‘माग तुमच्या गावाकडे गेला असावा’ असे कळवून कोणी मोकळा होत नसे. २००८ पूर्वी समुद्रमार्गाने येणाऱ्या धोक्याविषयी व मुंबईतील मोठ्या हॉटेलांविषयी केंद्रीय संस्थांकडून सूचना आल्या होत्या, हे आता सर्वज्ञात आहे. देणाऱ्यांचे म्हणणे, आम्ही कळवले होते. घेणाऱ्यांचे म्हणणे, त्यात नेमके काही नव्हते. जुन्या पद्धतीने पाहता या वादाचा निर्णय एकाच प्रश्नाने लागला असता : माग शिवेवर कोणी दिला व कोणी घेतला? प्रधान समितीस शिवेच्या एकाच बाजूस उभे राहण्याची मुभा होती. अर्ध्या मागावरून चोर सापडत नाही.

आपल्या इतिहासात कोतवालाच्या उत्तरदायित्वाचे एक भीषण उदाहरणही आहे. १७९१ मध्ये पुण्यात कोंडून ठेवलेल्या ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले, आणि क्षुब्ध जमावाने घाशीराम कोतवालास दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे ही घटना आधुनिक मराठी मनात कायमची रुजली. तिच्यातील बोध असा की कोतवालाचा बळी गेल्याने उत्तर मिळत नाही. उलट उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस नाहीसा होतो, आणि त्यास नेमणारा मोकळा राहतो. ‘आयुक्त’ या शब्दात नेमणाऱ्याची अपेक्षा असते, असे वर म्हटले ते याच कारणाने. २००८ मध्ये नेमणारे अगदीच मोकळे राहिले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी काही दिवसांच्या अंतराने पदे सोडली. परंतु आर. आर. पाटील यांस पद सोडावे लागले ते मुख्यतः मोठ्या शहरांत अशा लहान घटना होतात अशा आशयाच्या त्यांच्या एका हिंदी वाक्यापायी. बोललेल्या वाक्यास बोलणारा असतो, म्हणून लोकांचा रोष त्यावर स्थिरावला. न झालेल्या कामास कर्ता सापडला नाही, म्हणून तो रोष तेथे पोचला नाही. २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

तुलनेसाठी श्रीलंकेकडे पाहावे. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी चर्चे व हॉटेले यांवर झालेल्या स्फोटांत २६० हून अधिक लोक मेले. भारताकडून आलेली पूर्वसूचना तेथील अधिकाऱ्यांच्या हाती होती. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रिपाल सिरिसेना यांस १० कोटी रुपये आणि तत्कालीन पोलीस महानिरीक्षक पुजित जयसुंदर यांस साडेसात कोटी रुपये भरपाई स्वतःच्या पदरचे देण्याचा आदेश दिला. येथे नेमणारा व नेमलेला दोघेही एकाच निर्णयात आले, आणि ‘माग हाती आला होता’ हे सिद्ध झाल्यावर दायित्व निश्चित झाले. ‘ऐने अकबरी’तील कोतवालाचा नियम एकविसाव्या शतकात एका न्यायालयाने संविधानाच्या भाषेत पुन्हा लिहिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

६

आपल्याकडे या सर्वांऐवजी जे केले जाते त्याचे नाव ‘बदली’. हा शब्दही तपासण्यासारखा आहे. एकाच्या जागी दुसरा ठेवणे एवढाच त्याचा अर्थ. कारणाचा त्यात निर्देश नाही. बदली ही शिक्षा नव्हे असे कायदा म्हणतो, आणि ती शिक्षाच आहे असे लोक समजतात. परिणामी अधिकाऱ्यास दोषाचा डाग लागतो परंतु बचावाची संधी मिळत नाही. लोकांस समाधान मिळते परंतु उत्तर मिळत नाही. गफूर यांस उच्च दर्जाच्या पदावर हलवण्यात आले, तेव्हा ती शिक्षा होती, बढती होती की सोय होती, हे त्या शासकीय आदेशातून कळण्याचा मार्ग नव्हता.

‘सक्तीची रजा’ हा याहून विलक्षण शब्दप्रयोग आहे. ‘रजा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ संमती, खुशी. त्यावरून परवानगी व मग सुटी. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘सक्तीची रजा’ ही ‘बळजबरीची खुशी’ होय. हा प्रयोग आमच्या जालना जिल्ह्यास अलीकडे चांगलाच परिचित झाला. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांनी लाठीमार केला; आंदोलक व पोलीस दोघेही जखमी झाले. दोन-तीन दिवसांत जिल्हा पोलीस अधीक्षकांस सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले व गृहखाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर क्षमा मागितली. मुंबईतील घटना अकृतीची होती, ही कृतीच्या अतिरेकाची. दोहोंची जात भिन्न आहे. तरीही एक साम्य उरतेच. आदेश कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत दिला, या एका वाक्यासाठी लोक अडून होते. त्यांना मिळाले ते रजेचे वृत्त. आष्टी परिसरातील बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, पुढे कित्येक महिने याच एका वाक्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या ऐकू येत. अधिकृत वाक्य मिळाले नाही की लोक ते स्वतः रचतात, आणि त्यात कर्ता आपापल्या समजुतीप्रमाणे घालतात. अफवेचे व्याकरण यापेक्षा वेगळे नाही.

प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्यांस किमान दोन वर्षांचा कार्यकाल असावा असा निर्देश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस अधिनियमात तदनुसार दुरुस्ती केली. मात्र लोकहितासाठी व अपवादात्मक परिस्थितीत मुदतीपूर्वी बदली करण्याची मुभा ठेवली. कार्यकालाची हमी ही अधिकाऱ्यास राजकीय लहरीपासून संरक्षण देण्यासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या हमीची दुसरी बाजू अशी, की मुदतीपूर्वी हलवावयाचे तर कारणाचे पूर्ण वाक्य लिहिलेच पाहिजे. ‘लोकहितार्थ’ हे क्रियाविशेषण आहे. ते कारण नव्हे.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. पोलीसप्रमुखास शिक्षा व्हावी, असे येथे म्हटलेले नाही. त्याने राजीनामा द्यावा, असेही नाही. अमेरिकेत १३ जुलै २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाल्यानंतर गुप्त सेवा दलाच्या संचालिका किंबर्ली चीटल यांनी दहा दिवसांत पद सोडले. परंतु त्याआधी लोकप्रतिनिधींच्या समितीसमोर त्यांस प्रश्नांना सामोरे जावे लागले, आणि त्यांची उत्तरे अपुरी वाटली म्हणून रोष वाढला. क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम जाब, मग निवाडा, मग परिणाम. आपल्याकडे परिणाम प्रथम येतो, निवाडा संदिग्ध राहतो आणि जाब विचारला जातच नाही. विलंबाने विचारलेल्या जाबाची गतही आपण पाहिली आहे. २० जानेवारी १९४८ चा स्फोट आणि ३० जानेवारीची गांधीहत्या यांमधील दहा दिवसांत पोलिसांनी काय केले, याची सविस्तर चौकशी करणारा कपूर आयोग १९६६ मध्ये नेमला गेला व त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. दहा दिवसांच्या अकृतीचा कर्ता शोधण्यास अठरा वर्षांनी प्रारंभ करावा, हे कोणत्याही समाजास भूषणावह नाही.

२००८ नंतर पुष्कळ काही झाले. फोर्स वन हे दल उभारले गेले, मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचा तळ आला, राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. साधनांच्या अभावावर उपाय सापडला, कारण तो अभाव खरेदीने भरता येतो. नेतृत्वाच्या अभावावर उपाय सापडला नाही, कारण तो अभाव कोणाचा हेच वाक्यात आले नव्हते. अहवालाच्या भाषेकडे दुर्लक्ष करणे हा केवळ शैलीचा प्रमाद नव्हे, तो पुढील दुर्घटनेच्या पूर्वतयारीतील दोष आहे, असे म्हणावे लागते ते यामुळेच.

प्रशासकीय मराठीवर संशोधन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामाचे विस्तीर्ण क्षेत्र आहे. चौकशी-अहवाल, बदलीचे आदेश, निलंबनाची पत्रे, विधिमंडळातील उत्तरे यांतील वाक्ये प्रयोगानुसार वर्गीकृत करावी, कर्ता कोठे राहतो व कोठे गळतो हे मोजावे. व्याकरण हा नीतीचा पर्याय नव्हे. परंतु ‘चूक झाली’ आणि ‘अमुक पदावरील अधिकाऱ्याने अमुक केले नाही’ या दोन वाक्यांतील अंतर ज्या समाजास कळत नाही, त्याला पहिल्या वाक्यावरच समाधान मानावे लागते. आणि मृतांच्या आप्तांना नोंदवह्या स्वतः मागवाव्या लागतात.